१०२२११७ चा शेवटचा भागाकार

माझ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, आणि ते बरोबरच आहे. चाकणला आमच्या कंपनीतला प्रेस पडला की सांगवीत चहाच्या कपात लाटा उठतात, असं मीच सांगत फिरतो. पण भुताखेतांची थाप मी कधी मारली नाही... मानतच नव्हतो, तर मारणार काय?

माझी बायको सुनंदा संत तुकाराम नगरात गणिताच्या शिकवण्या घ्यायची. शिफ्टवरून आलो की शेवटच्या पार्टवर ठोकलेला नंबर मी तिला सांगायचो आणि चहा उकळेपर्यंत ती तो फोडायची – अमुक गुणिले तमुक. फुटलाच नाही तर मूळ संख्या. मी बाहेर सांगायचो, आमची ही नुसती रोखून बघते आणि नंबर घाबरून फुटतो.

"अहो, हवा जरा कमी भरा," ती म्हणायची.

ती दवाखान्यात असताना एक नंबर नेला – १०२२११७. विषम. अंकांची बेरीज चौदा, म्हणजे तीनने जात नाही. साताने नाही, अकराने नाही... पडल्या पडल्या एकेका मूळ संख्येनं भागत राहिली. कॅल्क्युलेटरला हात लावू द्यायची नाही. एका संध्याकाळी म्हणाली, "नऊशे सत्त्याण्णवपर्यंत झालं. वर्गमुळापर्यंतच बघायचं असतं, म्हणजे आता एकाच मूळ संख्येनं बघायचं राहिलंय. तिनंही नाही गेला, तर हा एकटाच."

"कुठली ती?"

"उद्या सांगते. दमले आता."

पहाटे ती गेली.

मोबाइल खिशातच होता, पण मी तो भागाकार केला नाही. तो राहिलाय तोवर तिचं माझ्याकडे काहीतरी राहिलंय... असं धरून बसलो होतो.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे मशीन चालवत नाहीत, नुसती पूजतात. नंबर ठोकणाऱ्या माझ्या मशीनला झेंडूचा हार घातला. रिकामं मशीन पूजायचं नसतं, म्हणून त्यात एक कोरा पार्ट ठेवला. हळदकुंकू लावलं आणि मनात म्हटलं, सुनंदा, तुझी मूळ संख्या सांगायची राहिली बघ.

टक टक टक... हार हलला. पार्टवर आकडे उमटले – १००९.

आमचा इलेक्ट्रिशियन रफिक पेढ्यांचं ताट घेऊन शेजारीच उभा होता. त्याचा चेहरा पांढरा पडला. "भावा, मेन मीच पाडलाय. कॉम्प्रेसर पण बंद आहे. हवेशिवाय हे ठोकतंय कसं?"

मी तिथेच मोबाइल काढून भागलं. १००९ गुणिले १०१३. बाकी काही नाही. नऊशे सत्त्याण्णवनंतरची मूळ संख्या कुठली, हे मला तोवर ठाऊकही नव्हतं, राव.

रफिक हळूच म्हणाला, "खूश हो ना. भाभी येऊन गेल्या."

"येऊन गेली रे... पण उत्तर देऊन गेली."

कंपनीने मशीन उघडून बघितलं, काही सापडलं नाही. मलाही कळलेलं नाही. त्यानंतर मी कितीतरी नंबर घरी नेले, स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून मोठ्यानं वाचले. पुन्हा काही आलं नाही. ते एकच काम तिचं राहिलं होतं, आणि ते मी तिच्याकडून मागून घेतलं.