फ्रीडाचा उपास

लोथार वायगेल्ट कुणाशीही बोलला तरी भांडल्यासारखाच बोलायचा. ट्रामच्या कारखान्यात हातोड्यांवर आवाज चढवण्यात चाळीस वर्षं गेली, आणि निवृत्त झाल्यावर तो चढलेला आवाज तसाच घरी आला. घरात ऐकायला बायको हायड्रून आणि सात साप. सापांना बाहेरचे कान नसतात. म्हणजे उरली हायड्रून.

साप बिनविषारी, नारिंगी-तांबडे. त्यांच्यात फ्रीडा सर्वांत थोरली, अठरा वर्षांची. लोथारनं तिला अंड्यातून बाहेर येताना पाहिलं होतं आणि स्वतःच्या मुलीच्या लग्नात रडला नसेल इतका तेव्हा रडला होता. दर नोव्हेंबरात सातही जण हिवाळ्याच्या झोपेसाठी तळघरात जात. त्याआधी तीन आठवडे उपास. खोलीतले उबेचे दिवे मात्र चालू, म्हणजे आतडं रिकामं होतं. मग दिवे थोडे थोडे कमी करायचे आणि मग चौदा पायऱ्या खाली, अकरा अंशांत. पोटात एक घास जरी राहिला तरी थंडीत तो पचत नाही. आतल्या आत सडतो आणि साप मरतो. हे लोथारनं बायकोला इतक्यांदा सांगितलं होतं, की तिला ते झोपेतही म्हणता आलं असतं.

तिनं आजवर एकाही सापाला हात लावला नव्हता. जेवायला बोलवायला ती तळघराच्या दारात उभी राहिली, की खालून ओरडा यायचा, "दार लाव! गरम हवा खाली येतेय." आणि जेवताना ठरलेलं वाक्य, "तुला या मुक्या जिवांची माया नाही, हायड्रून. दगड आहेस तू नुसती." ती बटाट्याच्या सूपमध्ये चमचा फिरवत बसायची.

या वर्षी ऑक्टोबरात लोथारचा खुबा बदलला. इस्पितळ, मग व्यायामाचं केंद्र, मिळून पाच आठवडे. साप हायड्रूनच्या गळ्यात पडले. तो दिवसातून दोनदा फोनवर ओरडायचा आणि तो सांगेल तसं ती करायची. साप आपापल्या काचपेटीतल्या लपायच्या डब्यात शिरले, की वरून झाकण लावायची, डब्यासकट वजन करून कार्डावर लिहायची. तळघरातही तिनं डबे तसेच नेले आणि भिंतीतल्या मोठ्या पेटीत, भुशावर उपडे केले. हात कुठेही लागला नाही.

लोथार कुबड्यांवर घरी आला तेव्हा साप खाली जाऊन चार दिवस झाले होते. डॉक्टरांनी तळघराच्या पायऱ्यांना सक्त मनाई केली होती. त्यानं ओव्हरकोटही काढला नाही, टेबलाशी बसून कार्डं मागितली. सहा कार्डं ठीक होती. सातव्यावर फ्रीडाचं वजन दर आठवड्याला उतरत आलं होतं आणि शेवटच्या आठवड्यात एकदम बावीस ग्रॅम चढलं होतं.

"उपाशी साप वजनात वाढत नाही," तो म्हणाला. आवाज इतका हळू होता, की हायड्रूननं हातातली पळी खाली ठेवली. "काय दिलंस तिला?"

"एक उंदीर. लहानसा. कोमट पाण्यात नीट गरम करून."

मग मात्र लोथार फुटला. मूर्ख म्हणाला, खुनी म्हणाला, सासूपर्यंत गेला. कुबडी आपटली तशी भिंतीवरची बशी खाली येऊन फुटली. "फोनवर काय कानात बोळे घालून बसली होतीस? अठरा वर्षं जपलं मी तिला, आणि तू चार दिवसांत मारलीस."

"ती काचेला नाक घासत होती," हायड्रून म्हणाली. "तीन दिवस. मी पुढ्यात गेले की माझ्याकडे बघायची."

"भूक लागली की घासतातच नाक. म्हणूनच तर उपास म्हणतात त्याला."

"वीस वर्षं ओरडलास, की मला त्यांची माया नाही." आता तिचाही आवाज चढला होता, आणि तो लोथारपेक्षा मोठा निघाला. "लावली एकदा माया. आता तेही चुकलं?"

लोथार आणखी मोठ्यानं ओरडला. "जा, वर आण तिला. आत्ता."

ती गेली. तो कुबड्या टेकून दारात उभा राहिला आणि वरून सूचनांचा मारा करत राहिला. मधोमध धर, दाबू नकोस, शेपटी लोंबू देऊ नकोस. वर आली तेव्हा हायड्रूनचा चेहरा पांढराफटक होता आणि थंडगार फ्रीडा तिच्या दोन्ही हातांवर ओल्या दोरासारखी पडली होती.

पहिला दिवस दिवा न लावता नुसत्या खोलीत, दुसऱ्या दिवशी थोडी ऊब, मग पूर्ण दिवा. फ्रीडा हलेना. लोथार रोज ओरडायचा, आणि हायड्रून रोज हात कोमट पाण्यात बुडवून, पुसून, तिला उचलून पोट चाचपायची. उंदराचा गोळा कुठवर सरकला हे तिच्याच बोटांना कळायचं. लोथार घ्यायला गेला तर दोन्ही हात कुबड्यांत अडकलेले. अकराव्या दिवशी नाताळच्या केकसाठी काढलेल्या पांढऱ्या टेबलक्लॉथवर फ्रीडानं पोट साफ केलं. दोघंही त्या डागाकडे बघत राहिले.

"टेबलक्लॉथ कशाला घातलं होतंस?" लोथार खेकसला. डोळे मात्र त्यानं बाहीनं पुसले.

मग पुन्हा तीन आठवडे उपास. फ्रीडा पुन्हा काचेला नाक घासू लागली तेव्हा हायड्रूननं खुर्ची आणून समोर ठेवली आणि विणकाम घेऊन तिथेच बसली. दिलं मात्र काही नाही. कार्डावरचे आकडे दर आठवड्याला उतरत गेले.

डिसेंबर संपता संपता तिनं फ्रीडाला उचललं आणि जिना उतरली. लोथार मागोमाग दारापर्यंत आला, चौकटीला टेकून खाली डोकावू लागला. मागे स्वयंपाकघरात शेगडी पेटलेली होती. काहीतरी सांगायला त्यानं तोंड उघडलं.

"दार लाव," खालून हायड्रून ओरडली. "गरम हवा खाली येतेय."

लोथारनं दार लावलं आणि कुबड्या धरून बाहेर उभा राहिला.