कदम, एक नग

हसायचं नाही, एवढं आधी कबूल करा. मगच सांगतो. आणि चहा घ्या, गार होतोय. माणसं नशिबानं बुडतात, दुसऱ्याच्या चुकीनं बुडतात. मी स्वतःच्या हुशारीनं बुडालो, तेही वार्निशमध्ये!

मी तेव्हा ग्वाल्हेरला एका सरकारी छापखान्यात वार्निश मशीनवर होतो. शाळांच्या भिंतीवर टांगायचे नकाशे छापून झाले की माझ्याकडे यायचे. कागद दोन रुळांमधून जायचा, त्यावर वार्निशचा पातळ हात बसायचा, मग पट्ट्यांवरून गरम पेटीत शिरून वाळून बाहेर यायचा. असा चमकायचा, की मास्तरांनी त्यात बघून मिशी कातरून घ्यावी!

सगळं मर्म दोन स्क्रूंत होतं. रुळाच्या डाव्या टोकाला एक, उजव्या टोकाला एक. दोन्हीकडे दाब सारखा हवा. एक बाजू ढिली पडली, की तिकडे वार्निश जाड बसतं, वाळत नाही आणि गठ्ठ्यातले नकाशे एकमेकांना चिकटतात. म्हणून स्क्रूंपाशी मी पांढऱ्या रंगाच्या दोन खुणा करून ठेवल्या होत्या. सकाळी रूळ बसवायचा, स्क्रू खुणेला आणायचे, झालं काम. माझा जोडीदार रामस्वरूप ह्या खुणांवर मशीन झकास चालवायचा. माझ्यापेक्षा वयानं मोठा, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, हजीऱ्यात खोली घेऊन राहणारा एकटा जीव.

आणि मग ती उलथापालथ आली. आधी संस्थान गेलं, मध्यभारत झालं. आठ वर्षांत मध्यभारतही गेलं, मध्यप्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली. छापखान्याची पाटी रंगवणारा तेवढा खुशीत होता. बाकी सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं. कारण बातमी अशी होती, की ज्यांच्यावाचून काम अडत नाही अशी फाजील माणसं भोपाळला पाठवणार.

मला जायचं नव्हतं. का, ते ऐका. शिंदे की छावनीत आमच्या घरी आम्ही दोघंच, मी आणि आबा. आई गेलेली, माझं लग्न व्हायचं होतं. आबा संस्थानच्या पलटणीतले. पलटण मोडली, वर्दी ट्रंकेत गेली, आणि मागोमाग डोळेही गेले. नुसत्या सावल्या दिसायच्या. पण छावनीतल्या गल्ल्या त्यांच्या पायांना पाठ होत्या. रोज सकाळी कोपऱ्यावरच्या ओट्यावर पलटणीतले सात-आठ म्हातारे जमायचे. एकही दिवस हजेरी चुकली नाही. संध्याकाळी मी वर्तमानपत्र वाचून दाखवायचो. ह्या माणसाला भोपाळच्या अनोळखी रस्त्यावर नेऊन उभं करू? का इथे एकटं टाकू?

आबांनी ओळखलं. "काय रे, दोन दिवसांपासून काय सोचून राहिलास?"

मी सगळं सांगितलं.

"मग त्यात काय? कामाचा माणूस बनून जा. फौजेत कामाच्या माणसाला कोण सोडतं?"

पटलं मला! फाजील माणूस जाणार ना? मग मी असा कामाचा होतो, की माझ्यावाचून मशीनचं पानही हलू नये. आणि मशीन तर काय, फरशीत बोल्ट ठोकून सिमेंटनं बसवलेली. ती कुठे जातेय?

दुसऱ्या दिवशी सगळे जेवायला गेले असताना स्पिरिटचा बोळा घेतला आणि त्या दोन्ही पांढऱ्या खुणा पुसून टाकल्या. लाज वाटली का? वाटली. पण आबांचा चेहरा डोळ्यांसमोर आणला आणि बोळा फेकून दिला.

मग दोन दिवस आजारी पडलो. म्हणजे पडलो नाही, रजा टाकली. दुसऱ्या दिवशी दुपारी छापखान्याचा शिपाई सायकल दामटत दारात!

"कदमजी, चलिए! मशीन रूठ गई है!"

गेलो. नकाशांचे थप्पेच्या थप्पे चिकटून पडलेले. मी गंभीर चेहऱ्यानं मशीनभोवती एक प्रदक्षिणा घातली, झाकणावर हात ठेवला, डोळे मिटले. मग रुळाच्या दोन्ही टोकांना कागदाची एकेक पट्टी घातली, ओढून बघितली आणि दोन्ही सारख्याच घट्ट येईपर्यंत स्क्रू फिरवले. पोरखेळ हो! पण ते पट्टीचं मी कधी कोणाला सांगितलंच नव्हतं. आमचे सुपरिंटेंडेंट आपटेसाहेब म्हणाले, "कदम, तू नसतास तर काय केलं असतं!" मी हवेत! मग रोज सकाळी स्क्रू मीच लावायचो आणि संध्याकाळी ढिले करून ठेवायचो.

आठवड्याभरात भोपाळहून मोठे साहेब आले. रामस्वरूपनं अर्ज दिलेला होता, मला भोपाळला पाठवा म्हणून. त्याचा भाऊ तिकडे होता. "भाई के घर दो टैम की गरम रोटी तो मिलेगी," म्हणायचा. साहेबांनी आधी त्यालाच मशीन चालवायला सांगितली.

तो बिचारा स्क्रूपाशी वाकला. वाकून राहिला. मग हळूच माझ्याकडे बघून म्हणाला, "भैया, अब तो बता दो, निशान कहाँ थे?"

आणि मी काय म्हणालो असेन?

"कौन से निशान?"

आजही हे शब्द आठवले, की हातातला चहा खाली ठेवतो.

अंदाजानं लावलेले स्क्रू. साहेबांनी वरचा नकाशा उचलला, तर खालचा बरोबर आला. जोर लावून सोडवले, तर भिंड जिल्हा सोलून निघाला आणि दुसऱ्याच्या पाठीवर जाऊन बसला. नुकताच जोडलेला प्रांत साहेबांच्या हातात फाटला! मग मी पुढे झालो. प्रदक्षिणा, हात, मिटलेले डोळे, सगळं. नकाशे आरशासारखे बाहेर!

"कितने दिन में सीखा?" साहेबांनी विचारलं.

"दिन क्या साहब, बारह साल लगते हैं. यह मेरे सिवा किसी की सुनती ही नहीं."

मला त्या मशीनवर तेव्हा चार वर्षं झाली होती. साहेबांनी सगळं लिहून घेतलं. मी मनात म्हटलं, लिहा, ठळक लिहा!

पंधरा दिवसांनी आपटेसाहेबांनी बोलावून एक कागद पुढे केला. भोपाळला जाणाऱ्या सामानाची यादी. वार्निश मशीन, एक नग. रबर के रोलर, दो नग. पट्टे, चार नग. आणि सर्वांत खाली: ऑपरेटर कदम, एक नग!

"मशीन भोपाळला जाणार हे आधीपासूनच ठरलेलं होतं," आपटेसाहेब म्हणाले. "रामस्वरूपला बरोबर धाडायचं होतं. पण तुझ्याशिवाय ती लोखंडाचा तुकडा आहे, असं साहेबांनी लिहिलंय."

पायांखालची फरशीच सरकली. मी ओक्साबोक्शी रडत सगळं कबूल केलं. आपटेसाहेबांनी उठून दार लावलं.

"कदम, हे मला बोललास, दुसऱ्या कोणाला बोलू नकोस. कळलं तर नोकरी जाईल. नाही कळलं तर नुसतं गाव जाईल. बघ काय परवडतं ते."

काय परवडणार? आबांना सांगितलं. खुणांचंही सांगितलं. ते बराच वेळ सदऱ्याच्या बटणाशी चाळा करत बसले. मग म्हणाले, "तू जा. मी ओटा सोडून यायचा नाही."

मशीन ट्रकवर चढली तेव्हा रामस्वरूपसमोर हात जोडले. म्हणालो, त्या खुणा मीच पुसल्या.

"जिस दिन मिटाए, उसी दिन पता था भैया. स्पिरिट की महक आ रही थी."

"फिर बोले क्यों नहीं?"

"बोलता तो आपकी नौकरी जाती. फिर बाबूजी को कौन देखता? जाइए. अखबार मैं सुना दिया करूँगा."

सांगा, ह्यावर माणसानं कुठे तोंड लपवावं?

भोपाळला पोचल्यावर पहिलं काम काय केलं असेल? रंगाची डबी आणली आणि दोन ठळक खुणा केल्या! महिन्याभरात तिघांना मशीन शिकवली, पट्टीसकट. म्हटलं, आता तरी मी फाजील ठरेन आणि घरी जाईन. साहेब इतके खूष झाले, की म्हणाले, "ऐसा सिखानेवाला कहाँ मिलेगा?" आणि मला तिथेच कायम केलं.

दिवाळीच्या आधी पत्र आलं. सांगणारे आबा, लिहिणारा रामस्वरूप, त्यामुळे मराठी कुठून कुठे गेलेली. "हजीऱ्याहून रोज येणं-जाणं ह्याला फार दूर पडतं. म्हणून घरीच ठेवून घेतला. पोळ्या चांगल्या बनवतो. बातम्या तुझ्यापेक्षा साफ वाचतो. तुझी खाट ह्याला देऊन टाकली आहे. तू येशील तर आपली सतरंजी बरोबर आण."

नेली मी सतरंजी! स्टेशनवर रामस्वरूप आला होता, त्यानं ती माझ्या खांद्यावरून काढून घेतली. दारात पाऊल टाकलं आणि आबांच्या पाया पडायला वाकलो. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, केस चाचपले, ओळखलं. मग मान वळवून आत हाक मारली,

"रामस्वरूप, पाहुण्यांना पाणी दे रे!"