सारस उतरेपर्यंत

महूनाका मागे पडला तरी तात्यारावांनी सायकलीवर टांग टाकली नव्हती. कॅरियरवर गोधडीत गुंडाळलेला, सुतळीने आवळलेला भाड्याचा व्हीसीआर होता आणि तो मागे असला की आपण पायीच चालायचं, हा त्यांचा नेम. हँडलला लटकलेल्या पिशवीत एकच कॅसेट. शेजारून अरुंधती चालत होती. नणंदेच्या बाळाचं बारसं आटोपून घरी पाहुणे सिनेमासाठी खोळंबले होते. सुदामानगरातली नवी घरं पत्त्यावरून कोणाला सापडत नसत, म्हणून तीच वाट दाखवायला निघाली होती.

"टेम्पोत टाकलं असतं तर एव्हाना पोचलो असतो, तात्याराव."

"आपण पोचलो असतो ताई, मशीन पोचलं नसतं. आत एक हेड असतं, ते खड्ड्यात हललं की पडद्यावर नुसत्या मुंग्या. मग तुमच्या सासूबाई मलाच म्हणणार, काय भिया, बारशाला मुंग्या आणल्या का?"

अरुंधतीला हसू आलं, पण मनातली अढी गेली नाही. सासूबाईंनी देवाचा सिनेमा आण म्हणून बजावलं होतं. जवाहर मार्गावरच्या व्हिडिओच्या दुकानात मालक जयसिंगजींनी तशी कॅसेट काढून काउंटरवर ठेवलीही होती. तेवढ्यात हे तात्याराव, एरवी विचारल्याशिवाय तोंड न उघडणारे, मधेच म्हणाले, "ताई, ती नको, ही न्या. घरच्यांसोबत बघण्यासारखी आहे." म्हाताऱ्या माणसाचा शब्द कुठे मोडायचा, म्हणून तिने घेतली. आता वाटत होतं, दुकानात पडून राहिलेला माल आपल्या गळ्यात मारला.

"चांगला आहे ना हो सिनेमा? तुम्ही पाहिला असेल."

"नाही, ताई."

"मग घरच्यांसोबत बघण्यासारखा कसा म्हणालात?"

तात्यारावांनी सायकल एका खड्ड्याच्या कडेने काढली. मग म्हणाले, "मी एकही पाहिलेला नाही. पाच वर्षं झाली हे काम करतोय, पण पिक्चर एकही नाही. फक्त कंपनीची निशाणी बघतो."

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. कॅसेट लावली की सिनेमाच्या आधी ती कंपनी आपली निशाणी दाखवते. कोणाच्या निशाणीत अंधारातून चांदण्या येतात आणि त्यांची अक्षरं होतात. कोणाचा सोनेरी गोळा गरगर फिरतो. कोणाची समई आपोआप पेटते, तेव्हा घरोघरी बायका हात जोडतात. तेवढ्या अर्ध्या मिनिटात तात्यारावांनी बटण फिरवून चित्र स्थिर करायचं. निशाणीची कड थरथरायची थांबली की त्यांचं काम संपलं. पुढच्या घरी दुसरं गिऱ्हाईक वाट बघत असतं.

"तुमची नजर बरी चालते पण."

"मिलमधली आहे ती. बावीस वर्षं कापडाच्या साच्यावर होतो. एक धागा तुटला तरी दिसायचा. पुढे छातीत कापूस बसला, खोकल्याने सोडावी लागली." ते हसले. "हे काम त्यापेक्षा बरं. इथे धागा तुटला तर बटण फिरवायचं."

ते महूचे. वडील पलटणीच्या वर्कशॉपात होते. बायको दुर्गा सांवेरकडची. दुर्गाबाईंचं नाव आलं तशी त्यांची चाल मंदावली. रोज घरी गेलं की दुर्गाबाई विचारायच्या, आज काय लागलं होतं? सिनेमा तर पाहिलेला नसायचा. मग हे भाकरीच्या ताटासमोर बसून हातांनी निशाण्या करून दाखवायचे. चांदण्या, गोळा, समई.

"एकदा सारस दाखवला. एका कंपनीचा आहे. लांबून एक ठिपका येतो, मग तो पक्षी होतो, पाय पुढे काढतो आणि पाण्यावर उतरतो. मी असे हात पसरून उतरवला, तर ही घास तसाच ठेवून म्हणाली, अहो, असाच उतरतो!"

दुर्गाबाईंच्या माहेरी शेताखाली तळं होतं. सारसाची जोडी यायची. आता तळं बुजवून तिथे सोयाबीन पेरतात. माहेरचंही कोणी राहिलं नाही. त्या रात्रीपासून दुर्गाबाईंचं रोज एकच, मला तो दाखवा.

"मग दुकानात दाखवायचा. टीव्ही आहे की तिथे."

"आणली होती ना. लग्नाचं लुगडं नेसून आली. टीव्ही रस्त्याकडे तोंड करून, समोर पन्नास माणसं उभी. एक पोरगा ओरडला, काकी, पीछे लाइन में! ही तशीच मागे फिरली. पुन्हा नाव काढलं नाही." त्यांनी सायकल थांबवून सुतळी चाचपली. "आता डोळ्यांत काचबिंदू. बाजूचं दिसतच नाही, नळीतून बघितल्यासारखं मधलं तेवढं दिसतं. डॉक्टर म्हणाले, गेली ती नजर येत नाही. आहे ती किती टिकेल, सांगता येत नाही."

अरुंधतीची नजर हँडलच्या पिशवीकडे गेली. "हीच का ती कॅसेट?"

"हीच." मान खाली घालूनच ते म्हणाले. "इतर कॉप्यांत तो हिरवा दिसतो, फुटतो. ही पहिली कॉपी आहे. चार महिने कोणी नेली नाही."

अन्नपूर्णेच्या देवळाच्या दारातले हत्ती दिसले तशी ती थांबली. "तुम्ही घ्या दर्शन," ते म्हणाले, "मी मशीन धरतो." बाहेरूनच हात जोडताना अरुंधतीला स्वतःसाठी काही मागायचं सुचलं नाही. तिने त्या न पाहिलेल्या बाईचे डोळे मागितले.

घरी पोचेपर्यंत मंडळी सतरंजीवर दाटीने बसली होती. सासूबाई द्वारकाबाई तेवढ्या खुर्चीत. तात्यारावांनी चपला अंगणात काढल्या, वायरी जोडल्या आणि कॅसेट आत ढकलून टीव्हीशी उकिडवे बसले. पडदा करडा झाला. पट्ट्या सरकल्या. पहाटेचं पाणी, लांबवर एक ठिपका. कोणीतरी हाताने काढलेलंच चित्र ते, पंख अडखळत हलत होते, पण पक्षी मोठा होत पडद्याच्या बरोबर मधोमध आला. तात्यारावांचं बटण केसभर फिरलं आणि कड स्थिर झाली.

"अगबाई, हंस!" द्वारकाबाईंनी हात जोडले. "सरस्वतीचा हंस गं. बाळाला लाभेल हो."

"आई, ये तो हर कॅसेट में रहता है," अरुंधतीचा दीर संताजी म्हणाला. "भिया, पुढे पळवा ना!" आणि पुढे वाकून त्याने स्वतःच बटण दाबलं.

पाय पुढे काढलेला पक्षी तसाच थरथरत, फरफटत गेला. पाण्याला टेकलाच नाही. सिनेमाची नावं सुरू झाली. तात्यारावांचा हात थोडा वेळ तिथेच होता. मग ते उठले.

"चहा घेऊन जा हो," द्वारकाबाई म्हणाल्या.

"नको, बाईजी. तिलकनगरला गिऱ्हाईक वाट बघतंय."

अरुंधती बारशाचे पेढे कागदात बांधून त्यांच्या मागे फाटकापर्यंत गेली. तात्याराव पुडी हातात धरून उभे राहिले. सायकलीचं स्टँड काढलं, पुन्हा लावलं.

"ताई, उद्या दहाला मशीन न्यायला येईन."

"या ना."

"एक विचारू? नाही म्हणालात तरी वाईट वाटून घेणार नाही. येताना तिला आणू का? पिक्चर नको. सारस उतरेपर्यंतच. खाली बसेल, टीव्हीच्या अगदी समोर, तिला मधलं तेवढंच दिसतं. तुमचा सिनेमा संपला की कॅसेट पार सुरुवातीपर्यंत फिरवून ठेवा. आणि संताजीभियांना तेवढं सांगा ताई, त्या वेळी बटणाला हात लावू नका म्हणावं."