पाच देशांच्या जावा

माझा नवरा जहाजावर चीफ इंजिनिअर. जहाजाचा मालक एका देशाचा, झेंडा दुसऱ्याचा, माल तिसऱ्याचा. गेल्या वर्षी ते अडकलं ते भलत्याच देशाच्या बंदरात, कुणाकुणाच्या लढाईपायी. ज्याला विचारावं तो दुसऱ्यावर ढकलून मोकळा.

जहाजावर पाच देशांची माणसं होती. त्यांच्या बायकांचा आम्ही व्हॉट्सॲप ग्रुप केला. दर रविवारी व्हिडिओवर जमायचो. इथे कोपरखैरण्यात माझ्या कुकरच्या शिट्ट्या, युक्रेनमध्ये कुणाचं तरी रडकं पोर, फिलिपिन्समध्ये जहाजावरच्या कुकच्या बायकोचा कोंबडा. इंग्रजी सगळ्यांचंच मोडकं, त्यामुळे लाज कुणालाच नव्हती.

युक्ती माझी. मी मोठ्या खटल्यात वाढले. एका जावेनं केलं म्हटल्यावर दुसरी मागे राहत नाही, हे लहानपणापासून बघितलेलं. सरकारं काय वेगळी असणार? मग प्रत्येकीनं आपापल्या मंत्रालयात सांगितलं, ‘सुटकेसाठी त्या दुसऱ्या देशानं आधीच पत्र दिलंय, तुम्ही कधी देणार?’ तोवर पत्र कुणीच दिलेलं नव्हतं. पण फाइली हलल्या. पुढे पाचही देश म्हणे एका टेबलाशी बसले. बातम्यांत कुणीतरी त्याला बहुपक्षीय सहकार्य म्हणालं, तेव्हा आम्ही पोट धरून हसलो.

सुटका झाली. सगळ्यांची, माझा नवरा सोडून. जहाज बेवारस ठेवायचं नाही, बदली इंजिनिअर येईपर्यंत त्यानं थांबायचं, असा त्या बंदराचा नियम. बदली पाठवायची मालकानं, आणि मालक फोन उचलेना. आमच्या मंत्रालयात ‘झाली ना सुटका’ म्हणून फाइल बंद. “टेन्शन नको घेऊ गं,” नवरा फोनवर म्हणाला, “आता आख्खं जहाज माझंच.” असा राग आला मला त्याचा!

एकेकीनं विमानतळावरचे फोटो टाकले, हार्ट टाकले, ग्रुप सोडला. त्यांचं काही चुकलं नाही. माझा आला असता तर मीही मागे वळून बघितलं नसतं. पण घर खायला उठायचं. आमच्या बेडरूमचा पंखा करकरतो. नवऱ्याला इंजिनच्या आवाजाची सवय, शांततेत झोप लागत नाही, म्हणून तो पंखा दुरुस्त करू देत नाही. थंडीतही मी चादर ओढून पंखा चालू ठेवायला लागले. शेजारीण विचारायची, “वहिनी, साहेब कधी येतायत?” मी म्हणायचे, “येतील.” दुसरं काय म्हणणार?

एका रविवारी सवयीनं ग्रुपवर कॉल लावला. कुकच्या बायकोनं उचलला. शेजारी तिचा नवरा.

“तुझा तर आला,” मी म्हटलं, “मग तू अजून इथे?”

“मंत्रालयात जाऊन आले. तुझ्या माणसासाठी पत्र द्यायला लावलं.”

“आमच्या माणसासाठी तुमचं सरकार कशाला पत्र देईल?”

“मी सांगितलं, भारतानं आधीच दिलंय.”

मी हसले, आणि मग रडू आवरेना. दुसऱ्या दिवशी आमच्या मंत्रालयाला मेल केला: फिलिपिन्सनं आधीच पत्र दिलंय, तुम्ही कधी देणार? तेच जुनं वाक्य. या वेळी मात्र ते खरं होतं.

उत्तर अजून यायचंय. पंखा मी बंद केलेला नाही.