मामींच्या वाटचं निळं औषध

जगातली कुठलीही गोष्ट निळी करून पाहिल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही, असं ठरवून जन्माला आलेला एकच माणूस मी पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा सख्खा मामा निघाला. पुसदच्या कॉलेजात त्यांनी जन्मभर जीवशास्त्र शिकवलं. कांद्याची साल काचेवर ठेवायची, वर मेथिलीन ब्लू या निळ्या रंगाचा थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून ‘वा रे गड्या!’ म्हणायचं, ही त्यांची देवपूजा. निवृत्तीनंतर कांद्यावर भागेना. मग दही झालं, माठातलं पाणी झालं, आणि लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेलो तेव्हा पानावरून उठायच्या आत त्यांनी दातकोरणीने माझ्या गालाची आतली साल खरवडून नेली. "जावईबापू, पेशी झकास हायेत तुमच्या," त्यांनी स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं. सासरी माझी एवढी तारीफ पुन्हा कोणी केलेली नाही.

मामी नेमक्या उलट. बोलणं कमी, आणि नवऱ्याचं नाव तर त्यांनी लग्नापासून कधी घेतलंच नाही. ‘हे’, नाही तर ‘यायले विचारा’, फारच झालं तर ‘घरचे’. लग्नात बायकांनी उखाण्यासाठी अडवलं तेव्हा हातातला घास टाकून पळाल्या होत्या म्हणे. मामांच्या मनाला ते फार लागून राहिलेलं. "हिच्या तोंडून एकडाव नाव ऐकलं ना, का मंग मरायले मोकळा," असं ते चारचौघांत म्हणायचे आणि मामी तोंडाला पदर लावून हसायच्या.

मग मामी विसरायला लागल्या. आधी गॅसवरचं दूध, मग घराची गल्ली, मग पोटची लेक. आम्ही पुसदला गेलो की दिवेलागणीला त्या ओसरीतल्या बंगईवर झोके घेत बसायच्या आणि मी समोर खुर्चीवर. मधेच त्या बाजूला सरकून कुणासाठी तरी जागा करायच्या आणि माझ्या खांद्यावरून मागे पाहत म्हणायच्या, "त्याईले येऊ द्या ना आत. कवापासून उभे हायेत." वळून पाहायची माझी छाती होत नसे. एकदा पाहिलं. कोणी नव्हतं, पण फाटक उघडं होतं, आणि त्याची कडी मी स्वतः लावली होती, देवाशपथ!

मामांनी आणि मी त्यांना दवाखान्यात नेलं. तपासताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "यजमानांचं नाव काय?" मामींनी मान खाली घातली, हसल्या आणि गप्प बसल्या. बाईंनी कागदावर फुली मारली. मामा उसळलेच. "अवो म्याडम, खोडा ते फुली! ठणठणीत होती तवाबी सांगितलं नाही तिनं!" पण घरी येताना ऑटोत ते सारखे मामींच्या तोंडाकडे पाहत होते. नाव आठवत नाही, की आठवतं पण घेत नाही? हिला आपण अजून ठाऊक आहोत का, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं आणि नेमकं तेवढंच कळायची सोय नव्हती.

अशात त्यांच्या वाचनात आलं, की जुन्या काळी मलेरियावर देत तो मेथिलीन ब्लू विसरण्याच्या रोगावर चालतो का, हे शास्त्रज्ञ तपासून पाहताहेत. झालं! जन्मभराचा दोस्त कामी आला म्हणून मामा हुरळून दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी हात जोडले. "सर, माणसांवर करून पाहिलंय, पण पक्कं काही हाती लागलेलं नाही. आणि त्यांच्या चालू गोळ्यांसोबत ते जिवावर बेतेल. द्यायचं नाही म्हणजे नाही." मामांनी मामींना थेंबही दिला नाही. स्वतःच घ्यायला लागले! मी डोक्याला हात लावला तर माझ्यावरच उखडले. "वडाले सूत बाई गुंडायते, उपाशी बाई राह्यते, आन आयुष्य कोनाचं वाढते? नवऱ्याचं! मंग तिच्या वाटचं औषध म्या घेतलं, तं गुन तिले काहून येनार नाही?" जन्मभर विज्ञान शिकवलेला माणूस!

हळूहळू त्यांची जीभ निळी झाली, ओठ निळे झाले, मोरीच्या फरशीचा तर रंगच बदलला. लाइट गेल्यावर ते मेणबत्ती घेऊन हसत आले, की आधी ते निळं तोंडच अंधारातून पुढे यायचं. मी मोठा माणूस, मलाही धस्स व्हायचं. मामी तर माझी बाही घट्ट धरून कुजबुजायच्या, "तो निळा मानूस आजबी आलता." आणि निळा माणूस पलीकडेच त्यांच्यासाठी संत्र्याच्या फोडी सोलत बसलेला असायचा.

एका संध्याकाळी मी ओसरीत असताना मामा भाजी घेऊन आले. मामी दारात आडव्या उभ्या राहिल्या. "कोन पायजे?"

मामा पायरीवरच थबकले. मग परक्या माणसाच्या अदबीने त्यांनी विचारलं, "घरचे हायेत काय जी?"

"नाही. वसंतराव कॉलेजात गेले. येतीनच आता."

ना पदर तोंडाशी गेला, ना मान खाली. पोस्टमनला सांगावं तसं सांगून मामी बंगईवर जाऊन बसल्या.

मामांच्या हातातली पिशवी पडली. वांगी अंगणभर. "घेतलं! जावईबापू, नाव घेतलं तिनं!" असं ओरडत ते कोपऱ्यावर पळाले आणि पेढे घेऊन आले. निळ्या बोटांनी एक माझ्या हातावर ठेवला. तो मी तसाच हातात धरून ठेवला. मी मान वर केली तर ते माझ्याकडेच पाहत होते.

"असे पाहू नका. मले समजते," ते हळूच म्हणाले. "नवरा म्हनून वळखलं असतं, तं नाव घेतलं नसतं तिनं." एक पेढा स्वतःच्या तोंडात टाकला. "पन काय गोड घेतलं हो!"

तेवढ्यात मामी बंगईवर सरकल्या. माझ्या खांद्यावरून मागे पाहत त्यांनी शेजारची रिकामी जागा थोपटली. "वसंतराव, या ना. उभे काहून?"

मामा माझ्यासमोर पायरीवर बसले होते. ते उठले, रुमालाने ओठ खसाखसा पुसले, अंगणातून वळसा घेऊन माझ्या खुर्चीमागे गेले आणि मामी पाहत होत्या तिथूनच चालत येऊन त्या जागेवर बसले. मामींनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं नाही. पण त्या घाबरल्या नाहीत, उठूनही गेल्या नाहीत.

औषधाची बाटली दुसऱ्या दिवशी मोरीत गेली. पुसदला गेलो की अजूनही दिवेलागणीला मी समोर बसतो. मामी माझ्या मागे पाहू लागल्या की आता मला भीती वाटत नाही. मी फक्त खुर्ची जराशी पुढे ओढून घेतो, मामांना मागून यायला वाट राहावी म्हणून.