बाळापूरची सगळी माणसं

"ताई, क्लिक तर लई येऊन राहिले. दुकानात कोनीच येत न्हाई. काहून?"

फोनवर रशीदचाचा. आखाडा बाळापुरात त्यांचं गादीघर आहे. लग्नात मुलीला आंदणात गादी-रजई देतात, त्यावर त्यांचं वर्ष निघतं. या लग्नसराईत ऑर्डरी आल्या नाहीत तर दुकान बंद करून मुलीकडे पुण्याला जायचं, असं घरात ठरलं होतं. चाचांना जायचं नव्हतं.

मी कळमनुरीत एका खोलीत बसून ऑनलाइन जाहिराती चालवते. मोबाइलवर बातमी वाचताना मध्येच चित्राची पट्टी येते, ती डिस्प्ले अ‍ॅड. तिच्यावर बोट लागलं की क्लिक. ऑफिसात मी एकटीच. खोटं कशाला बोलू, क्लायंटचा तक्रारीचा फोन आला तरी मला बरं वाटतं.

रिपोर्ट उघडला. बहुतेक क्लिक पुण्याचे, मुंबईचे, हैदराबादचे. जाहिरात गावात राहणाऱ्यांनाच दाखवायची की बाहेर राहून गावाबद्दल बघणाऱ्यांनाही, हे सेटिंगमध्ये ठरवता येतं. मी फक्त गावातल्यांनाच दाखवू असं सुचवलं होतं. चाचा तेव्हा म्हणाले होते, "पुन्याला गेला म्हनून काय झालं? बाळापूरचाच हाय ना? एकाला बी सोडू नका." चित्रही त्यांच्याच हट्टाचं. गादी कोपऱ्यात आणि मागे अख्खा चौक, चहाच्या हॉटेलासकट.

बाळापूर गाठलं. चाचांनी जाहिरातीतल्या नंबरवर आलेले मेसेज दाखवले. 'चाचा, हॉटेल अजून चालू आहे का?' 'लिंबाखाली ऑटो लागतात का?' गादीचं कोणीच विचारलं नव्हतं. चाचांनी मात्र एकूण एकाला उत्तर दिलं होतं, वर चौकाचे ताजे फोटोही पाठवले होते.

"चाचा, ही गिऱ्हाइकं नाहीत. बाहेरगावी दाखवणं बंद करावं लागेल."

"लेकरं इतक्या लांबून पुसून राहिले. बंद कसं करावं?"

"मग पुण्याला जाऊनच सांगा त्यांना." मी जरा फटकन बोलले.

चाचा शर्टावरचा कापूस वेचत राहिले. "करा मग," म्हणाले.

जाहिरात फक्त बाळापूर आणि आसपासच्या गावांपुरती ठेवली. चौक काढला, लाल रजई मोठी केली. क्लिक धाडकन कमी झाले. पण क्लिक करणारे दुकानात येऊ लागले. आधी एका मुलीच्या बापाने डबल बेडची गादी सांगितली, मग त्याच्या व्याह्याने. लग्नसराई संपेपर्यंत पुण्याचा विषय घरात कोणी काढेनासं झालं.

त्यानंतर एकदा चाचांचा फोन आला. मला वाटलं, पुन्हा तक्रार.

"ताई, हॉटेलाला निळा रंग दिला. मेसेज तर आता कोनाचाच येत न्हाई. कोनाला सांगू?"

"मला सांगा," मी म्हटलं.

त्यांनी रंग सांगितला, नवी बाकडी सांगितली, कोण कुठे बसतं तेही सांगितलं. मी सगळं ऐकलं. मलाही दुसरं कोणी बोलायला नव्हतं.

घेणारा वेगळा आणि नुसता बघणारा वेगळा, हे आता मी प्रत्येक क्लायंटला पहिल्याच दिवशी सांगते. बघणारे गेले की थोडं सुनं वाटेल, हेही सांगून ठेवते.