शहाळ्याचा पेला

आहार सप्ताहाचे पाहुणे वॉर्डात येणार म्हणून पडदे धुतले होते, आणि आम्हा रुग्णांनाही शक्य तितकं. माझ्या शेजारच्या खाटेवरच्या आजोबांची मूत्रपिंडं बिघडलेली. पाहुणे त्यांना शहाळ्याचं पाणी देत आहेत, असा फोटो काढायचं ठरलं.

"थांबा सर!" आहारशास्त्राचं प्रशिक्षण घेणारी मुलगी मागून म्हणाली. "त्यांना शहाळं चालत नाही. रक्तात पोटॅशियम वाढतं, हृदय बंद पडू शकतं."

विभागप्रमुख बाई नुसत्या ओठांनी हसल्या. "अगं, फोटोपुरता एक घोट." मुलीच्या प्रमाणपत्रावर त्यांचीच सही व्हायची होती.

आजाऱ्याला शहाळं नाकारणं म्हणजे आपल्याकडे मायाच नाकारणं. कशात किती पोटॅशियम, हे पुस्तकात मिळत असेल. पण भरलेला पेला मोठ्या माणसांसमोर परत घ्यायचा कसा, हे कुठल्या वर्गात शिकवतात कोण जाणे.

आजोबांनी पेला ओठांजवळ नेला. दोन दिवस मोजून पाणी मिळालेला माणूस तो. "घेऊ का गं पोरी?"

"नको, आजोबा." तिनं पेला काढून घेतला. त्या झटक्यात पाहुण्यांच्या बुटांवर पाणी सांडलं. फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला.

"नाव काय गं तुझं?" सहा महिने हाताखाली राबलेल्या मुलीला बाईंनी विचारलं.

तिनं सांगितलं. आडनावासकट.